नांगे भरायचं बी

वरवट बकाल,
दि. ९ डिसेंबर २०१७

चि. ज्ञानेश्वर,

धाकट्या भावाला लिहिताना वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची आपल्या घरची रीत. आज माझ्याजवळ ते शिल्लक नाहीत, म्हणून थेट कामाचं लिहिते. तू माझा फोन उचलत नाहीस. आईच्या तेरवीला मी तुला चार पाहुण्यांसमोर बोलले आणि तू ताटावरून उठून पुण्याची गाडी धरलीस, त्याला तीन वर्षं झाली. धर राग. टपाल तरी घेत असशील.

सोबत एक कागद पाठवते आहे. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटातून निघणारं माहितीपत्रक. कय्यूमभाईंच्या कृषी केंद्रात जुना गठ्ठा पडला होता, त्यातून त्यांनी काढून दिलं. म्हणाले, "आशाबाई, कंपनीचा माणूस मले तवाच बोलला होता, का हे मराठी तुमच्याच गावच्या सरनं केलं. पुण्यात राह्यते म्हने, सात भाषा येतात त्याले." ते मोठ्या कौतुकानं सांगत होते. मी तिथंच स्टुलावर बसले.

तिसरी ओळ वाच. मी खाली लाल पेनानं रेघ मारली आहे, शाळेत मारायचे तशी. 'सोबतच्या लहान पुडीतील नांगे भरण्याचे बियाणे (आश्रय बियाणे) नियमाप्रमाणे वापरावे.' कोणता नियम? तो मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत. सात भाषा येणाऱ्या माणसाला पान उलटून तेवढा मराठीत आणता आला नाही?

तू वावरात पाय ठेवून जमाना झाला, म्हणून सांगते. बीटीच्या पाकिटात एक मोठी पुडी असते आणि एक लहान. मोठीत अळीला मारणारी बीटी, लहानीत साधी सरकी, तिला इंग्रजीत 'रेफ्यूज' म्हणतात. ही साधी सरकी वावराच्या चारही बाजूंनी पाच-पाच ओळी लावायची असते. अळ्यांनी ती खावी, तिथं जगावं, म्हणजे बीटी पचवायला शिकलेली अळी या साध्या अळ्यांत मिसळते, एकटी पडून माजत नाही. गेल्या महिन्यात कृषी खात्याचे साहेब आले, तेव्हा गावाला हे पहिल्यांदा कळलं. तोवर दहा वर्षं इथं काय चाललं होतं? जिथं दाणा उगवला नाही तिथं आठ-दहा दिवसांनी बाया पुन्हा दाणा लावतात, नांगे भरतात. ते नांगे या लहान पुडीतून भरायचे. फुकटची सरकी, कोण सोडतो! आणि तुझ्या छापील कागदानं त्यावर शिक्का मारला.

यंदा गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तू पेपरात वाचलं असशील. बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी. वेचणीला नुसती किडकी कवडी. वामनरावांनी तीस एकरांवर रोटाव्हेटर फिरवला आणि त्या दिवसापासून ते चांगुणाच्या मागे लागले आहेत. चांगुणा आपल्याकडे टोबणीला, सरकी टोचायला यायची, आठवते? सोळा बायांची टोळी आहे तिची. अर्ध्या गावाची टोबणी आणि नांगे तीच करते. वामनराव पारावर बसून सांगतात, "या बायाईनं रेफूजी वावराच्या आतमंदी खुपसलं, म्हनून अळी माजली." चोर सोडून संन्याशाला फाशी! अख्ख्या वऱ्हाडात अळी आली, ती काय चांगुणानं पोत्यात भरून आणली?

पण लोकांना कोणीतरी हाताशी लागतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत चांगुणानं सगळ्यांसमोर चूक कबूल करायची, नाहीतर जूनमध्ये तिच्या टोळीला कोणी वावरात घ्यायचं नाही, असं वामनरावांनी ठरवलं आणि दहा जणांनी माना हलवल्या. ती म्हणते, मी नाक घासणार नाही. तिनं नाक घासावं असं मलाही वाटत नाही. आणि नाही घासलं तर त्या सोळा घरांनी जूनमध्ये कुठं जायचं, ते तू सांग.

तू एवढंच कर. तुझ्या नावाच्या कोऱ्या कागदावर लिहून पाठव की या पत्रकातलं मराठी मी केलं, 'नांगे भरण्याचे बियाणे' हे मी लिहिलं, बायांनी कागदावर होतं तेच केलं. सही कर. सव्वीसच्या आत पोचव.

एकदा, फक्त एकदा आम्हाला विचारलं असतंस, तर ही पाळी आली नसती. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय जुनीच.

आशाताई


वरवट बकाल,
दि. २८ डिसेंबर २०१७

ज्ञानेश्वर,

उत्तर नाही. पोस्टमनला मी तीनदा रस्त्यात अडवलं, आता तो मला पाहून सायकल दुसऱ्या गल्लीत घालतो.

परवा आपल्या वावरातल्या किडक्या कपाशीवर मेंढ्या सोडल्या. मेंढपाळ विचारत होता, "बाई, पक्कं ना? मांगून म्हनसान का नाई म्हनलं होतं." मी म्हटलं, सोड. पाच एकर पऱ्हाटी दोन दिवसांत फस्त झाली. बाबा असते तर त्यांनी मेंढ्यांच्या आधी मला हाकललं असतं.

चांगुणा रोज संध्याकाळी येते. उंबऱ्यात उभी राहते, आत येत नाही. "आलं का, बाई, दादाचं पत्र?" तुला दादा म्हणते ती, तू तिच्यापेक्षा लहान असून. मी म्हणते, येईल. ती म्हणते, "येईन तं. शिकेल मानूस हाये, खोटं कायले बोलन?" आणि जाते. तुझ्यावरचा हा विश्वास पाहून माझं डोकं जास्तच फिरतं.

तुला वेळ कशाला असतो ते मला माहीत आहे. शब्दांना असतो. २००९ साली पुडीवरच्या 'रेफ्यूज' या एका शब्दावर तू मला दोन पाठपोट पानं लिहिली होतीस. मला अजून पाठ आहेत. मूळ लॅटिन, रेफुगियुम. फुगेरे म्हणजे पळणं, आणि मागं सरून जिथं जीव वाचवायचा ती जागा. फ्रेंचांनी शेपूट कापून रफ्यूज केलं. स्पॅनिशमध्ये रेफुहिओ, तो 'ह' घशातून काढायचा. पोर्तुगीजमध्येही तेच, फक्त नाकडोळे थोडे वेगळे. जर्मनांनी हात न लावता लॅटिन तसंच उचललं. इटालियनमध्ये रिफुजिओ, आणि डोंगरावर वाट चुकलेल्यांसाठी जी झोपडी बांधून ठेवतात तिलाही तेच नाव. रुमेनियनमध्ये रेफुजिउ, आणि रहदारीच्या रस्त्यात मधोमध माणसानं थांबायचा जो ओटा असतो त्यालाही तेच. तू लिहिलं होतंस, 'ताई, दोन हजार वर्षं हा शब्द घरोघर फिरतो आहे, आणि आता तो सरकीच्या पुडीत बसून आपल्या गावात येतो आहे, केवढी मजा!'

केवढी मजा. इटालियनला डोंगरात झोपडी सापडली, रुमेनियनला रस्त्यात ओटा सापडला. आमच्या बायांसाठी तुला काय सापडलं? नांगे.

मी ते पत्र तेव्हा शाळेत नेलं होतं. मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवलं. हेडमास्तरांना तो 'ह' घशातून काढताना ठसका लागला, आम्ही हसून हसून बेजार. माझा भाऊ, म्हणून मी मिरवलं. ही माझी लायकी.

त्या पत्रात शेवटी तू मला काही विचारलं होतंस की नव्हतं, ते आता नीट आठवत नाही. विचारलं असेल. त्यानं काय होतं? पैसे घेऊन काम तू केलंस, मी नाही.

कागद पाठव. वामनरावांनी कालच दुसऱ्या गावच्या टोळीशी बोलणं केलं आहे.

आशा


वरवट बकाल,
दि. १३ जानेवारी २०१८

ज्ञानेश्वर,

तुझं पाकीट मिळालं. चांगुणा समोरच उभी होती. तिच्या देखत फोडलं. आतून एका जुन्या पोस्टकार्डाची झेरॉक्स निघाली आणि चिटोऱ्यावर एक ओळ: 'ताई, हे अक्षर तुझंच ना?'

चांगुणानं विचारलं, "काय लिवलं?" मी सांगितलं, दुसऱ्याच कामाचं आहे. पहिल्यांदा तिच्याशी तोंडावर खोटं बोलले, आणि ते तुझ्यामुळे.

हो, माझंच अक्षर. आठ वर्षं माझं पोस्टकार्ड जपून ठेवलंस, आईच्या आजारपणात एक मनीऑर्डर आठवणीनं करता आली नाही. आणि चिडवायचंच होतं तर पूर्ण तरी चिडवायचंस. मीच उतरवून काढते इथं, म्हणजे तुझ्या मनाची शांती होईल:

'चि. ज्ञाना, अ. आ. तुझं पत्र शाळेत गाजलं. तू विचारतोस की या पुडीला आपल्याकडे काय म्हणतात. चांगुणाला विचारलं. ती म्हणाली, आमी त्याले नांगे भरायचं बी म्हनतो. झकास शब्द आहे, तोच छाप, शेंबडं पोरही समजेल. तुझं रेफुगियुम तुझ्याजवळ ठेव. आई बरी आहे. आशाताई.'

झालं समाधान? तू मला विचारलं होतंस. मी तुला शब्द पाठवला होता. 'एकदा विचारलं असतंस' हे मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. लिहिताना मला आठवत होतं की नव्हतं, हे मी माझं मलाच विचारते आहे, आणि उत्तर काही शोभेसं येत नाही.

पण तू सुटलास असं समजू नकोस. तुझ्यासमोर इंग्रजी कागद होता. ही सरकी कडेला लावायची, आत नाही, हे त्यात लिहिलेलं होतं. तुझ्याच पत्रात तू मला ते समजावून सांगितलं होतंस, 'अळ्यांना राहायला जागा ठेवायची, तीही चहूबाजूंनी.' मग तुझ्या बहिणीनं 'नांगे भरायचं बी' असं लिहून पाठवलं, तेव्हा तुझ्या डोक्यात एवढं आलं नाही की हे तर उलटंच चाललंय? फोन करून 'ताई, अगं असं करू नका' म्हणता आलं नाही? गावाचा अस्सल शब्द मिळाला, त्याचाच तुला आनंद. मी आई म्हणायची तसं म्हणते, शिकून शहाणा झाला आणि वाट चुकून बसला.

सभेत मी हे कार्ड दाखवणार नाही. सांगणार की कंपनीनं चुकीचं छापलं, बाया निर्दोष आहेत. तेवढं पुरेसं आहे आणि खरंही आहे. तुझी झेरॉक्स मी डाळीच्या डब्यात कोंबली आहे. यावर तुझं काही म्हणणं असेल तर सव्वीसला बसनं ये आणि लोकांसमोर म्हण.

आशा


वरवट बकाल,
दि. २७ जानेवारी २०१८

ज्ञाना,

तू आला नाहीस. मी फाट्यापर्यंत दोनदा जाऊन आले, हे तुला सांगणार नव्हते.

काल झेंडावंदन झालं आणि शाळेच्या आवारातच सभा भरली. चांगुणा तिच्या बायांसह लिंबाखाली बसली होती. सगळ्या धुतलेल्या लुगड्यांत. वामनराव उठले. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून जास्त राग आला. "आमी वैर धरत नाई कोनाशी. हिनं म्हनावं का चुकलं. बस."

मी उठले, तुझं पत्रक हातात धरलं आणि तिसरी ओळ मोठ्यानं वाचली. म्हटलं, बायांनी छापलेलं केलं, चूक कंपनीची. लोक कुजबुजले. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात वामनराव म्हणाले, "बाई, नांगे हा शब्द पुन्यामुंबईच्या कंपनीले कसा मालूम? इथल्याच कोनीतरी सांगतला असन. चांगुणेनंच सांगतला असन." आणि सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान वर केली. "हाव," म्हणाली, "आमी तसंच म्हनतो. मंग?"

मी तिथं गप्प बसले असते, तर ते तिच्या गळ्यात पडलं असतं आणि ती ते घेऊन घरी गेली असती. मला असं वाटलं की बसावं. खरं सांगते, वाटलं. चाळीस वर्षं ज्या आवारात मी पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, तिथं माझे पाय बसायला निघाले होते.

मग मी सांगितलं. पोस्टकार्डाचं, तुझ्या पत्राचं, सगळं. तिचा शब्द मी तुला कळवला, तू तो छापलास. शिवाय तुझ्या पत्रात ही सरकी कुठं लावायची तेही लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. चुकलं असेल तर आम्हा दोघा भावंडांचं चुकलं, हिचं नाही. कय्यूमभाई मागून म्हणाले, "अब बस करो, वामनराव. गोष्ट साफ झाली." आणि झाली साफ. वामनरावांनी चांगुणाकडं पाहून हात जोडले. जूनमध्ये टोबणीला तुझीच टोळी, असंही सर्वांसमोर म्हणाले. जे हवं होतं ते मिळालं, ज्ञाना. मी घाम पुसत खाली बसले आणि आता ती येऊन माझा हात धरेल अशी वाट पाहत राहिले.

ती आली. उभ्यानंच विचारलं, "म्हंजे तुमाले मालूम होतं?"

मी म्हटलं, हो.

"कवापासून?"

"नऊ सालापासून."

तिनं बोटांवर वर्षं मोजली. "आठ वर्सं. आठी वर्सं मी तुमच्याच वावरात नांगे भरले, बाई. तुमी धुऱ्यावर छत्री घेऊन उभ्या राहत होत्या. च्या पाजत होत्या. तवा काऊन नाई बोलल्या?"

मी काय सांगू? की मला ते पत्र आवडलं होतं ते त्या परदेशी शब्दांसाठी, सरकीचा मजकूर मी वाचला आणि सोडून दिला? की मास्तरांच्या खोलीत दोन्ही पानं वाचली आणि वावरात एक ओळ सांगावी असं सुचलंच नाही? ती बाई वावरातली, तिला काय सांगायचं, तीच आपल्याला सांगेल, असं मी धरून चालले होते. मी म्हटलं, "चांगुणा, ध्यानात आलं नाही." ती म्हणाली, "मले नाव इचाराचं तं ध्यानात आलं." आणि बायांना घेऊन गेली.

मला वाटलं, रागाच्या भरात आहे. आज सकाळी तिच्या घरी गेले. चुलीपुढं भाकरी थापत होती. आजवर कधी त्या घरात 'बसा' म्हटल्याशिवाय राहिली नाही, आज म्हणाली नाही. मी आपणहून पाट ओढून बसले. तिला म्हटलं, यंदा जूनमध्ये आपण चारही बाजूंनी पाच-पाच ओळी लावू, मी स्वतः दोरी धरते, तू सांगशील तसं. पहिल्यांदा आपलंच वावर करू.

ती म्हणाली, "तुमच्या वावरात आमी नाई येनार आता. दुसऱ्या बाया पाहा."

मी म्हटलं, "एवढा राग? वामनरावाच्या वावरात जाशील, ज्यानं तुला नाक घासायला लावलं असतं, आणि माझ्या नाही?"

"राग नाई, बाई." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "वामनराव दुश्मन हाये, हे मले समजते. तुमी उद्या काई सांगसान, तं त्यात काय सांगतलं आन् काय नाई सांगतलं, हे मी कसं वळखू?"

ती दुसरी भाकरी थापायला लागली. मी पाट भिंतीला लावला आणि निघून आले.

दोन महिने मी तुझ्यावर ओरडत होते, ज्ञाना. अजूनही तुझा राग येतोच, आला नाहीस त्याचा तर फार येतो. पण आता नुसता तुझ्यावर काढून भागत नाही, आणि त्याचाच जास्त संताप होतो. तिला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. तुला सुचलं तर लिही. नाही सुचलं तरी लिही.

तुझी,
आशाताई